पहिल्याच ओळीला दाद

सहावीत असताना मी बाबांना ठणकावून सांगितलं होतं, "एक दिवस माझा आवाज ऐकून लोक घराबाहेर धावत येतील." बाबा म्हणाले, "आदी गनितात पास हो, भाविका."

तेव्हापासून मी स्वतः गाणी लिहिते, स्वतः चाली लावते, गादी भिंतीला उभी करून घरीच रेकॉर्ड करते. व्ह्यूज चोवीस, त्यातले अकरा आईचे. चाललं ते एकच गाणं, तेही आमच्या करावे गावात फिरणाऱ्या घंटागाडीवर. 'ओला कचरा वेगळा, सुका वेगळा.' शब्द माझे, आवाज माझा. दोन वर्षं रोज सकाळी वाजतंय. सणासुदीला कचरा वाढला की संध्याकाळीसुद्धा.

यंदा गावच्या गणपतीत स्टेजवर पाच मिनिटं मिळाली. बाबांची अट होती: आज लोक उठले नाहीत, तर गिटार माळ्यावर आणि मी बँकेच्या परीक्षेच्या क्लासला. मी माझं सगळ्यात हळवं, नवंकोरं प्रेमगीत काढलं. डोळे मिटले आणि पहिली ओळ गायले.

धडाधड खुर्च्या सरकल्या. डोळे उघडले, तर अख्खा मंडप उभा! सगळ्यात पुढे बाबा! मी वाकून नमस्कार केला.

 

बाबा आईवर ओरडले, "अगो मैने, बगतेस काय? कचऱ्याचा डबा आन, गाडी जाईल!"