टीव्हीवर न चालणारी फाइल

सून निल्दा बाजारातून गेली, तर सातुर्निनाआजीचा फायदा उघड होता: दरवाज्यालगतचा कोपऱ्याचा गाळा. पेरूतल्या हुलियाका शहराच्या त्या बाजारात शिरलेल्या गिऱ्हाइकाची पहिली नजर निल्दाच्या चीजवर पडायची. शेजारी आजीच्या गाळ्यापाशी येईपर्यंत पिशवी भरलेली असायची. आणि हाकललेल्याचा गाळा शेजाऱ्याला, हा गाळेवाल्यांच्या संघटनेचा नियमच होता.

म्हणून आजी पेनड्राइव्ह मुठीत धरून आली, तेव्हा इंटरनेट कॅफेवाल्या रेनानने मनातल्या मनात बेरीज करून टाकली.

"बाजाराच्या कॅमेऱ्याची फाइल आहे. संघटनेच्या टीव्हीवर चालत नाही," आजी म्हणाली. "चालेल अशी करून दे. सभेच्या आत."

रविवारी बाजाराच्या देव्हाऱ्यात मारियामातेच्या मूर्तीचा झगा जळाला होता. यंदा देव्हारा सांभाळायची पाळी निल्दाची. बाजार बंद करताना तिनंच मेणबत्ती पेटती ठेवली, असं सगळे म्हणत होते. ती नाही म्हणत होती. पण ऐकतो कोण? आज संघटनेच्या सभेत तिला बाजारातून काढायचं ठरणार होतं.

"पुरावा कशाला हवा, आजी? सून तशीही जाणारच आहे."

"तुला हात चालवायला सांगितलंय, तोंड नाही."

रेनानने फाइल बदलून देणारी वेबसाइट उघडली. फाइल निम्मी चढली आणि नेट गेलं. दुसऱ्यांदा साइटनेच नकार दिला: एवढी मोठी फाइल फुकटात घेणार नाही.

"रखवालदाराकडून हवा तेवढाच तुकडा काढून आणा. पण नेमका कुठला, ते कळायचं कसं?"

"मला ठाऊक आहे," म्हणत आजी आल्या पावली निघाली. परतली तेव्हा धापा टाकत होती, तरी खुर्चीवर बसली नाही.

या वेळी फाइल चढली. बदललेली फाइल घेऊन आजी गेली आणि तशीच परत आली.

"टीव्ही नको म्हणतो."

"जुना आहे तो. त्याला एव्हीआय प्रकारची फाइल लागत असेल."

"मग ते कर. दमलास का?"

पुन्हा चढवणं, पुन्हा वाट बघणं. शेवटी पडद्यावर अंधारा देव्हारा दिसला. रेनान पुढे वाकला, तोच आजीने आपली शाल पडद्यावर टाकली.

"चालतंय ना? बाकीचं सभेत बघ."

"सुनेचा तमाशा चारचौघांतच दाखवणार म्हणा!"

आजीने चीजचा गोळा त्याच्यापुढे आदळला आणि निघाली. रेनाननेही दुकानाचं दार ओढून घेतलं. असा खेळ कोण चुकवतो?

सभेत निल्दा मान खाली घालून बसली होती.

"फाइल कशाला आता?" अध्यक्ष लिसांद्रो म्हणाले. "हात वर करू, विषय संपवू."

"आधी बघा. मग करा काय वर करायचं ते," आजी म्हणाली.

टीव्ही सुरू झाला. बंद बाजार, विझलेला देव्हारा. शाल पांघरलेली एक बाई आली. तिने मेणबत्ती लावली, गुडघे टेकले, हात जोडले. मेणबत्ती तशीच ठेवून ती वळली आणि चेहरा कॅमेऱ्यासमोर आला.

सगळ्यांच्या माना सातुर्निनाआजीकडे वळल्या.

मग निल्दानेच विचारलं, "आई, काय मागायला गेला होतात?"

"तू या बाजारातून जावीस म्हणून," आजी म्हणाली आणि आपल्या गाळ्याची किल्ली टेबलावर ठेवून बाहेर पडली.