चौकशीचे पाहुणे

“पोरगी म्हंजे सोनं हाय,” किराणा दुकानदार बद्रीनाथ म्हणाले. “वर मान करून बोलत न्हाई.”

राजानंद साहेबांनी विचारलं होतं एवढंच, की तृप्तीची फिरती डाळ गिरणी कशी चालते.

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं तृप्तीला झालं. टेम्पोवर बसवलेली गिरणी दारोदार नेऊन ती आष्टी-परतूरकडच्या बायकांची तूर भरडून द्यायची. एका गाडीनं भागत नव्हतं. दुसरीसाठी पैसे गुंतवायचे की नाही, ते ठरवायला साहेब पुण्याहून आले होते, आणि त्यांना आधी गिऱ्हाइकांशी बोलायचं होतं. तेव्हा तिनंच मोठ्या हौसेनं वडिलांना, कचरूंना, सांगितलं होतं, की गल्लीत सांगून ठेवा, चौकशीला पाहुणे येणार आहेत. कचरूंनी शब्दही इकडचा तिकडे केला नाही. मुलगी लग्नाची, पाहुणे पुण्याचे, त्यात चौकशी! गल्लीनं दुसरा अर्थ काढला असता तरच नवल. आणि ठरत्या सोयरिकीत खोडा घालायचं पाप कोण करील?

पुढच्या घरी तिच्या भाकरीची तारीफ झाली. त्यापुढच्या घरी चहा, वर ‘घराणं बिलकुल निर्मळ’ असा दाखला. गिरणीचं विचारलं की सगळ्यांचं एकच, “लई चांगली, काही खोट न्हाई.”

“सगळेच खूश आहेत,” गाडीकडे वळत साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. “पण तृप्ती, लोकांना जी गोष्ट खरंच लागते ना, तिच्याबद्दल एखादा तरी कुरकुरतो.”

तेवढ्यात कौसल्याआजी शेतातून परतल्या. चौकशीचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

“तृप्ते! कुठं तोंड लपवून राह्यली? सोमवारी येणार व्हतीस ना? तूर तेल-पाणी लावून वाळवली, ती पाखरं खाऊन राह्यली! तुझ्या भरवशावर माझं जातं लेकीला देऊन टाकलं. आता काय दातानं भरडू?”

“गाडी एकच हाय, आजी. परतूरला गेल्ती.”

“मंग दुसरी घे! मला काय सांगती?”

तृप्तीला रडूच फुटायचं बाकी होतं. साहेब मात्र गाडीचं दार लावून माघारी आले.

“आजी, जातं खरंच देऊन टाकलंत?”

“मंग! ही दारात यायला लागली, तवापासून कोण हात दुखवून घेतंय?”

कचरू धावत आले आणि आजींच्या कानाशी लागले. आजींचा हात तोंडावर गेला.

“अगं बाई! पाव्हणे, माझ्या बोलण्यावरून मोडू नका हां. रागात बोलले. पोरगी लई गुणाची हाय.”

साहेबांना आता कुठं सगळा उलगडा झाला. ते पोटभर हसले.

“मोडत नाही, आजी. मोडायलाच आलं होतं, तुमच्यामुळं जमलं. दुसरी गाडी येणार!”

तृप्तीला इतका आनंद झाला, की भर गल्लीत तिनं आजींना मिठी मारली. आजींनी तिच्यावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. मग पदरानं डोळे पुसत तिला जरा बाजूला ओढलं.

“तू नांदायला गेल्यावर,” त्यांनी हळूच विचारलं, “गिरणी कोण आणंल गं?”