काटा शून्यावर

"पृथ्वी आधी सांगितल्याशिवाय कधीही हलत नाही," असं जाहीर करून प्राध्यापक ताठ झाले आणि त्यांचं डोकं टेबलाच्या फळीवर आपटलं.

टेबलाखाली बसून सिद्धांत मांडायचा म्हणजे एवढं सोसावं लागतं. शेजारी बायको टॉर्च धरून बसली होती. तळघरातली वीज गेली होती, पण प्राध्यापकांनी बनवलेल्या भूकंपसूचक यंत्राला बॅटरी होती. त्याच्या तारा जमिनीत पुरलेल्या दोन सळयांना जोडलेल्या. खडक फुटण्याआधी वीज सोडतात, म्हणजे काटा उडणार, आणि मग बायकोला घेऊन मोकळ्या मैदानात पोचायला भरपूर वेळ, असा त्यांचा हिशेब होता. तसं त्यांनी तिला वचनच दिलं होतं. "त्यापेक्षा माझा गुडघा आधी सांगेल," असं तिचा धाकटा भाऊ दर भेटीत म्हणायचा.

"अहो, निघायचं का बाहेर? मला इथं बरं वाटत नाही."

"काटा शून्यावर आहे. उगाच कशाला निघायचं?"

मघाशी कपबशा खडखडल्या त्याचं काय, असं तिनं विचारलं. भरलेला ट्रक गेला असेल, असं त्यांनी नेहमीप्रमाणे समजावलं. छतातून माती भुरभुरत होती. तीही नेहमीचीच, गवंड्याला बोलवायचं गेली कित्येक वर्षं राहून जात होतं. तिनं नाकाला रुमाल लावला.

एरवी शेजारी कुणी पंप लावला, इस्त्री लावली, तरी काटा थरथरायचा. आज ढिम्म. वर रेडिओ नाही, पावलं नाहीत, कोपऱ्यावरचं भुंकणारं कुत्रंसुद्धा गप्प.

"बघ," प्राध्यापक हरखून कुजबुजले, "इतका स्थिर काटा मी आयुष्यात पाहिला नाही."

"त्याचीच भीती वाटतेय."

तेवढ्यात वरून ठकठक ऐकू आली. थांबली. पुन्हा आली. तिनं पाना उचलून टेबलाच्या पायावर तसेच ठोके दिले. यंत्राला धक्का बसेल म्हणून प्राध्यापकांनी तिला दटावलं.

ती ठोकतच राहिली.

बऱ्याच वेळानं बाजूला फट पडली, उजेड आत आला. फटीत तिच्या भावाचा धुळीनं पांढरा झालेला चेहरा होता. त्याच्या मागं घर नव्हतं, गल्ली नव्हती. नुसतं आभाळ होतं.

"ताई," तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी माती उपसायला लागला.

"सावकाश उकर रे," प्राध्यापक म्हणाले. "सळईला धक्का लागला, तर भूकंप कळायचा नाही आपल्याला."