बरणीतला कोळी

सहा वर्षांच्या मुलीला कोळी चावला, तेव्हा तिच्याबरोबर बापाने तो कोळीही जॅमच्या बरणीत कोंडून दवाखान्यात आणला.

"बरं केलंत. जात कळली की औषध नेमकं देता येतं," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे आज पेशंट दोन!"

इंजेक्शननंतर पायाची सूज उतरली, पण मुलीची धाप थांबेना.

"काय होतंय, छकुले?"

"गुदमरतंय गं, आई."

सिस्टरने सगळ्या खिडक्या उघडल्या. मुलगी हवेतच बोटं घासत राहिली, समोर काच असल्यासारखी. टेबलावरच्या बरणीत कोळीही तसेच पाय घासत होता.

"अहो, आधी त्याला बाहेर नेऊन चिरडा!" आई म्हणाली.

बापाने बरणी उचलली. पलंगावर मुलीने घाबरून कठडा धरला.

"बाबा, हळू ना! पडेन मी."