शेवटचं प्यादं

कनकचा हत्ती समोर येऊन उभा राहिला, तसे नाना मिशीत हसले. आता नात त्यांचं शेवटचं प्यादं मारणार, राजा एकटा उरणार आणि जुन्या देशी नियमानं डावाची बुर्जी होणार, म्हणजे बरोबरी! गेली आठ वर्षं हरता हरता ते असेच वाचत आले होते. कनक दरवेळी चिडायची.

"नाना, स्पर्धेत असलं काही नसतं हो!"

"माझ्या ओसरीवर असतं."

यंदा पोरगी बुद्धिबळात राज्यात पहिली आली होती. उद्या सकाळी ती चेन्नईला शिकायला निघणार. ती गेली की घरात नाना एकटेच. तिची भरलेली बॅग दाराशीच होती. नाना त्या बॅगेकडे बघायचं टाळत होते.

कनकनं हत्ती उचलला. प्याद्याला हातही न लावता तो आडवा नेऊन राजासमोर ठेवला.

"शह आणि मात, नाना."

नाना पटाकडे बघतच राहिले. "अगं, प्यादं फुकट मिळत होतं की!"

"राजाला एकटं पाडायचं नसतं. तुम्हीच शिकवलंत ना?"

नानांनी ते लाकडी प्यादं धोतराला पुसलं आणि तिच्या मुठीत दिलं. "मग हे घेऊन जा. तिकडं तूही एकटी राहू नकोस."

"आणि तुमच्या पटावर?"

नानांनी चंचीतून एक सुपारी काढली आणि प्याद्याच्या रिकाम्या घरात ठेवली.

"तू येईपर्यंत ही खेळेल."