बशीजवळ कोणीतरी

"बशीतल्या मेंदूला भीती वाटते का हो, मॅडम?"

'विचारून दाखवच, पावभाजी आमच्याकडून,' असं मैत्रिणींनी शाल्मलीला डिवचलं होतं. डॉक्टर गद्रे मात्र हसल्या नाहीत.

प्रयोगशाळेच्या टेबलावरच्या बशीत मसुराएवढा मेंदू होता, शाल्मलीच्याच कातडीच्या पेशींपासून वाढवलेला. तिच्या निनाददादाने हॉस्टेलच्या बंद खोलीत एकट्याने कसलीशी पूड ओढली, त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून नळ आपल्याशी बोलतात म्हणून तो तोट्यांना चिंध्या बांधतो आणि आईलाही ओळखत नाही. त्या पुडीने त्याच्या मेंदूतली कुठली जनुकं जागी केली, हे कळलं तरच ती पुन्हा निजवता येणार होती. त्यासाठी पूड न शिवलेला, त्याच्याच रक्ताचा मेंदू हवा होता. या बशीत तीच पूड घालून बघायला आता फक्त शाल्मलीचा होकार बाकी होता.

"खरं सांगू? मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मागे दुसऱ्या कोणाच्या तरी पेशींच्या बशीत ही पूड घातली, तेव्हा त्या पेशी तीन दिवस नुसत्या फडफडत होत्या."

बाबांनी मान फिरवली. "नको गं बाळा," आई पुटपुटली, "दुसरं काहीतरी बघू."

"दुसरं काय उरलंय, आई?" शाल्मलीने कागद ओढून झर्रकन सही केली. "घालू दे त्यांना पूड. पण बाबा, तिन्ही दिवस मी शाळेत जाणार नाही. इथेच बसणार, बशीपाशी. दादाजवळ तेव्हा कोणीच नव्हतं."