बिनजाळाची शेगडी

सरजाबाई अंगणात पोचली तेव्हा घरातली शेगडी टींटीं करत होती.

"पंचशीला, अगं वरण बघ!"

आतून ओ आली नाही.

टँकरवर भांडून भरलेली घागर कमरेवर तशीच घेऊन तिनं उंबऱ्यातून आत पाहिलं, आणि घागर हातातून कधी सुटली ते तिलाच कळलं नाही. सून जमिनीवर पडली होती. दातखीळ बसलेली, हातपाय झटके देत होते. पातेलं पलीकडं लवंडून वरण पार भिंतीपर्यंत गेलेलं. अन् पदर शेगडीवर.

मागच्या उन्हाळ्यात चुलीपुढं अशीच फिट आली होती, तेव्हा पोरीच्या दंडाचं कातडं निघालं होतं. तेव्हापासून सरजाबाईनं सुनेला जाळापुढं बसूच दिलं नव्हतं. लेकानं, रामकिशननं, लातूरहून ही करंटवरची शेगडी आणली, "आई, हिला जाळच न्हाई" म्हणून विनवण्या केल्या, तेव्हा कुठं तिनं हाव म्हटलं होतं.

तिनं झडप घालून पदर ओढला. पातेलं सरकल्याबरोबर शेगडी आपली आपण बंद झाली होती. वरची काच नुसती गरम होती. पदराला डागसुद्धा नव्हता.

शेजारची गुणाबाई चप्पल घेऊन धावत आली. "नाकाला लाव, नाकाला!"

"ठेव ती खाली. कुशीवर करू लाग मला."

दोघींनी पंचशीलाला कुशीवर वळवलं, डोक्याखाली लुगड्याची घडी सारली.

"सरजा, पाणी सगळं वाहून चाललंय बग!"

"जाऊ दे."

झटके हळूहळू थांबले. सरजाबाईनं सुनेचे तळवे पाहिले, कोपर, मान, कानामागं पाहिलं. मग पुन्हा तळवे.

बऱ्याच वेळानं पंचशीलानं डोळे उघडले. जीभ जड झाली होती. "आत्याबाई, कुटं भाजलं?"

"कुटंच न्हाई."

तिला खरं वाटेना. दोन्ही हात डोळ्यांपुढं धरून तिनं उलटेसुलटे पाहिले आणि रडायलाच लागली.

"आता गं? रडतीस कशापायी?" असं म्हणत सरजाबाईनं तिचे डोळे पुसले.

गुणाबाई घरी गेली आणि आपली भरलेली कळशी आणून तिनं कोपऱ्यात ठेवली.

पंचशीला दिवसभर झोपली. उन्हं कलल्यावर उठली, तोंड पुसलं आणि परात ओढून बसली.

"आज तरी सासूला करू दे," गुणाबाई दारातून म्हणाली.

पंचशीलानं सरजाबाईकडं पाहिलं. सरजाबाईनं पिठाचा डबा तिच्यापुढं सरकवला.

"टाक भाकरी. मला लई झोप येऊन राहिली."

ती भिंतीला लागून आडवी झाली. परातीत भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला. दुसरी भाकरी शेगडीवरच्या तव्यावर पडायच्या आत सरजाबाई घोरत होती.